दोन जिल्हे, दोनशे जीव!

सध्या चॅलेंजची जाम चलती आहे. तुमच्याच ऑफिसात बघा ना! कुणी एकवीस दिवस साखर सोडलीय, कुणी रोज दहा हजार पावलं मोजतंय, कुणी वर्षात बावन्न पुस्तकं संपवायची म्हणून कॅबमध्येही नाक खुपसून बसलंय. मीही एक चॅलेंज घेतलं. पण जिम नको, डाएट तर नकोच नको. मी ठरवलं, बारा महिन्यांत दोनशे जातींचे जंगली जीव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. आणि कुठे? ताडोबात नाही, कान्हात नाही, केनियात तर अजिबात नाही. फक्त जळगाव आणि धुळे. बास!

"जळगावात? तिथे आहे काय? केळी, सोनं आणि ऊन!" ही पहिली रिअॅक्शन. धुळ्याचं नाव घेतल्यावर दुसरी, "तिथे बस चहाला थांबते ना?" एकाने तर सरळ विचारलं, "भरीत खायला जायचंय असं सांग ना सरळ, जंगली जीव कशाला मध्ये आणतोस?" भरिताचा मुद्दा अगदीच चूक नव्हता. हिवाळ्यात जळगावला जाऊन वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी न खाता परत येणं हा गुन्हाच आहे. पण मी जळगावचा आहे आणि वीस वर्षं त्या गावात काढूनही मला तिथल्या दहा प्राण्यांची नावं धड सांगता येत नव्हती. टांझानियातल्या गवताळ रानाची माहिती मात्र टीव्हीवर बघून तोंडपाठ! हे काही तरी गडबड आहे, असं वाटलं आणि सुरुवात केली.

आधी नियम

हा खेळ काही मी शोधलेला नाही. पक्षी बघणाऱ्यांच्या जगात त्याला 'बिग इयर' म्हणतात. एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, जितक्या जाती दिसतील तितक्या बघायच्या. अमेरिकेच्या नोआ स्ट्रायकरने २०१५ मध्ये जगभर फिरून ६,०४२ जातींचे पक्षी पाहिले. आणि त्याच वर्षी आपल्या शशांक दळवीने एकट्या भारतात ११२८ जाती पाहिल्या! अकराशे अठ्ठावीस! मला शेजारच्या कावळ्याचे दोन प्रकार असतात हेसुद्धा माहीत नव्हतं.

माझं बजेट म्हणजे शुक्रवारी रात्रीची महाराष्ट्र एक्स्प्रेस, मित्राची जुनी गाडी आणि उरलेल्या सुट्ट्या. त्यामुळे नियम आपल्या ऐपतीचे. एक, जीव जंगली हवा. पाळलेला नको, पिंजऱ्यातला नको आणि सर्पमित्राच्या बरणीतलाही नको. दोन, स्वतः बघायचा. मित्राने पाठवलेला फोटो चालणार नाही. तीन, आजच्या जिल्ह्याच्या हद्दीत बघायचा. चार, दोनशेपैकी किमान वीस सस्तन प्राणी हवेत, कारण नुसते पक्षी मोजले तर चॅलेंज कसलं, पिकनिकच ती! आणि पाच, तो जिवंत हवा.

हा पाचवा नियम मी अगदी सहज लिहिला होता. वर्षभर सगळ्यात जास्त डोकं त्यानेच खाल्लं. पण ते पुढे.

घरच्या घरी सात

पहिल्या वीकएण्डला मी घराबाहेर फार लांब गेलोच नाही. आणि तरी सात सस्तन प्राणी! अंगणातली खार. बाथरूमच्या मोरीतून येणारी चिचुंदरी. गटाराकाठची घूस (हिंदीतली नव्हे, मराठीतली!). मेहरुण तलावाकडे जाताना झाडाला छत्र्या वाळत घातल्यासारखी लटकलेली मोठी वटवाघळं, आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याभोवती गिरक्या घेणारं त्यांचं चिमुकलं भावंड. कुंपणातून सुळकन गेलेलं मुंगूस. आणि शेजारच्यांच्या गच्चीवरचे पापड फस्त करणारं काळ्या तोंडाचं वानर.

आई म्हणाली, "हे बघायला तू पुण्याहून आलास?"

पण खरं सांगू? यादी करायला घेतली की नजर बदलते. 'पक्षी' नावाचा एकच प्राणी नसतो, हे पहिल्यांदा कळतं. तारेवरचा तो निळा म्हणजे नीलपंख, चिखलातला तो टिटवी, शेतातल्या गाईच्या पायात घुटमळणारा तो गायबगळा. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी तर बहिणाबाईंमुळे आम्हा जळगावकरांच्या घरचीच. पावसाळा सरल्यावर फुलपाखरांनी मीटर पळवला. बिबळ्या कडवा, हळदीकुंकू... नावंच अशी झक्कास आहेत, की नुसती वाचली तरी मजा येते.

हतनूरचे फॉरेनर

पक्ष्यांचा स्कोअर खऱ्या अर्थाने वाढला तो हतनूरला. भुसावळजवळ तापीवर हे धरण आहे. आम्हाला ते माहीत होतं ते 'आज दरवाजे उघडले' या पावसाळी बातमीपुरतं. हिवाळ्यात मात्र तिथल्या पसरट, उथळ पाण्यावर परदेशी पाहुण्यांचं संमेलन भरतं. चक्रवाक, लालसरी, थापट्या, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब. हा पठ्ठ्या मध्य आशियातून हिमालय ओलांडून इथे येतो. आपण पुणे-जळगाव प्रवासाने थकून दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकतो!

एका सकाळी चार तासांत मी बावन्न जाती मोजल्या. त्यातल्या निम्म्यांहून जास्त मला एकट्याला कधीच ओळखता आल्या नसत्या. तिथे दर हिवाळ्यात येणारी स्थानिक पक्षिमित्र मंडळी होती. ऊस आणि चहा दोन्ही त्यांनी दिलं आणि वर दुर्बिणीतून बघायला रांगही लावू दिली. मर्लिनसारखं ॲप आवाजावरून पक्षी सांगतं हे खरं, पण "ते बदक नाही रे, तो वारकरी आहे" हे माणसाने हसत हसत सांगितलं की जन्मात विसरत नाही.

११३ वर्षं हरवलेला पिंगळा

आता या भागाचा खरा सुपरस्टार. रानपिंगळा! वीतभर उंचीचं घुबड. पण त्याची स्टोरी ऐका, थ्रिलर झक मारेल.

१८७३ मध्ये ह्यूमने या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. त्यानंतरचा एकच नमुना होता, तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या कर्नलसाहेबांचा. १९१४ मध्ये गुजरातमध्ये मिळवला, असं लेबल होतं त्यावर. शोधणारे त्या पत्त्यावर शोधत राहिले आणि हात हलवत परत आले. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी संग्रहालयांतले नमुने तपासले आणि भांडं फुटलं. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच जुना नमुना संग्रहालयातून लांबवला होता, नव्याने भरला होता आणि खोटं लेबल लावलं होतं! मग खोटा पत्ता बाजूला ठेवून खऱ्या जुन्या पत्त्यांवर शोध सुरू झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो दिसला. भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला. ११३ वर्षांनी!

आता गंमत बघा. १९९७ मध्ये शहादा धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या धुळ्याचा सुपरस्टार शेजाऱ्यांकडे गेला. माझा तिसरा नियम आडवा आला! मित्र म्हणाला, "जुना धुळे जिल्हा धर ना." म्हटलं नाही. नियम म्हणजे नियम.

सुदैवाने रानपिंगळा यावल अभयारण्यातही आहे. १९६९ मध्ये जाहीर झालेलं, सातपुड्यात मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेलं हे अभयारण्य. पाल हे तिथलं थंड हवेचं ठिकाण. (जळगावच्या मानाने थंड. महाबळेश्वर डोक्यात ठेवून जाऊ नका.) दोन वीकएण्ड फुकट गेले. तिसऱ्या खेपेला, जानेवारीच्या सकाळी, बरोबरच्या पावरा वाटाड्याने नुसती हनुवटी वर केली. पानं झडलेल्या सागाच्या शेंड्यावर एक गुबगुबीत मूठ ऊन खात बसली होती. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते, याचं डोकं जवळपास साधं. शेपटी झटकन डावीकडे, झटकन उजवीकडे. पाच-सात मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मग तो उडाला.

जगात हा पक्षी फक्त मध्य भारतातल्या थोड्या जंगलांमध्ये उरलाय. तो काही दुर्गम बेटावर राहत नाही, आमच्या गावापासून दोन-अडीच तासांवर राहतो. आणि वीस वर्षं मला त्याचं नावही कुणी सांगितलं नव्हतं, ना शाळेत, ना घरी.

मचाणावरची रात्र

मे महिना. जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास. शहाणी माणसं या दिवसांत कूलरसमोरून हलत नाहीत. पण बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजायची वनखात्याची जुनी पद्धत आहे, आणि यावलच्या जंगलात मला तशी एक रात्र मिळाली. मोबाइल बंद, बोलणं बंद, परफ्यूम बंद, आणि खाली उतरणं तर पूर्ण बंद. (त्यामुळे संध्याकाळी पाणी बेताने प्या. मोलाचा सल्ला आहे.)

साडेसातपर्यंत मोर आणि डास. आठच्या सुमाराला सांबराची मादी आली, कान फिरवत, पाच पावलं पुढे, दोन मागे, असं करत पाण्याला लागली. मग कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं. इथे कुत्रा कुठून आला, असं मी खुणेने विचारलं. वनरक्षकाने कानाशी येऊन एकच शब्द सांगितला, "भेकर." थोड्या वेळाने ते आलंही, छोटंसं, घाबरट, दोन घोट पिऊन पसार.

पावणेतीनला अस्वल आलं. आधी आवाज. व्हॅक्युम क्लीनर लावल्यासारखा. मग चांदण्यात एक काळा केसाळ ढीग हलत हलत आला, वाळूत नाक खुपसून पाणी प्यायला आणि गेला. माझ्या हातातलं पेन कधी खाली पडलं, मला कळलं नाही. एका रात्रीत तीन सस्तन! पण वनरक्षक हसला नाही. तो म्हणाला, "मोहाच्या दिवसांत बायका फुलं वेचायला पहाटे येतात. अस्वलही त्यासाठीच येतं. तेव्हा नका म्हणू भारी दिसलं म्हणून."

सगळ्यांनाच 'साइटिंग' नको असतं

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण पुढे जिथे जिथे गेलो, तिथे त्याची आठवण झाली.

नीलगाय बघितल्यावर मी गाडीतून ओरडलो. शेजारच्या शेतातला माणूसही ओरडला, पण वेगळ्या कारणाने. तिला इथे रोही म्हणतात आणि एका रात्रीत ती हरभऱ्याचं काय करते ते त्याला विचारा. रानडुकराचं तेच. पारोळ्याकडे एका माळावर मी कोल्ह्यासाठी दोन तास उन्हात बसलो होतो. एक म्हातारबाबा बकऱ्या घेऊन आले. "काय पाही ऱ्हायना रे भाऊ?" म्हटलं, कोल्हा. "कोल्हा? तो ते रोजच येस!" आणि खरंच, त्यांनी दाखवलेल्या बांधावर संध्याकाळी तो आला. ससा आणि खोकडही त्याच माळाने दिलं. खोकड म्हणजे शेपटीला काळं टोक असलेला चिमुकला कोल्हाच, दिसायला एकदम क्यूट. सरकारी कागदांवर अशा माळाला 'पडीक' म्हणतात. माझ्या यादीतल्या चौतीस जाती एकट्या त्या पडीक जमिनीने दिल्या.

मुक्ताईनगरकडची गोष्ट तर वेगळीच. तिथे वढोदा-डोलारखेड्याच्या पट्ट्यात वाघ आहेत. हो, जळगाव जिल्ह्यात वाघ! मेळघाटकडून सातपुड्याच्या कुशीने यावलपर्यंत जाणारी त्यांची वाट इथून जाते. २०१४ मध्ये हा भाग मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. इथला वाघ केळीच्या बागांमध्ये वावरतो. गारवा आहे, पाणी आहे, आडोसा आहे आणि रानडुकरं आहेत. वाघाला आणखी काय पाहिजे? मला तो दिसला नाही. ओल्या मातीत पंजा दिसला, पण पंजा मोजायचा नाही. बागेचा मालक मात्र शांतपणे म्हणाला, रात्री पाणी द्यायला जाताना दोघे जातो आणि मोठ्याने बोलत जातो. म्हणजे रात्रीच्या लाइटच्या वेळापत्रकाने माणूस आणि वाघ यांची शिफ्ट एकच झालीय!

चाळीसगावकडे बिबट्याचा विषय काढला की लोक गप्प होतात. २०१७ मध्ये या तालुक्यात बिबट्याने माणसं मारली आहेत. तिथे जाऊन 'बिबट्या कुठे दिसेल हो?' असं उत्साहाने विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पाटणादेवीच्या जंगलात, गौताळ्याच्या कुशीत, मुकाट्याने चिंकारा बघितला. उतरत्या उन्हात तो उभा होता, वाळक्या गवताच्याच रंगाचा. आणि पहाटे धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणाकडे तरस. मागचे पाय आखूड, चाल लंगडी, दिसायला कुणाला आवडणार नाही असं. मला जाम आवडलं. सस्तन नंबर सतरा!

दुसरी यादी

आता तो पाचवा नियम.

जळगाव-धुळे हायवे, जुना सहा नंबर, आताचा त्रेपन्न. चौपदरी झाल्यापासून गाड्या नुसत्या सुसाट. ऑगस्टमध्ये एरंडोलच्या पुढे, पहाटे, रस्त्याच्या कडेला काही तरी पिवळट राखाडी पडलेलं दिसलं. आम्ही थांबलो. रानमांजर. लांब पाय, कानांच्या टोकाला काळे केस. अजून ऊबदार होतं. वर्षभर ज्याच्यासाठी ऊस आणि बांध पालथे घातले, ते हे. मित्राने विचारलं, "धरायचं का?" मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि तिथे लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये रावेरच्या रस्त्यावर उदमांजर. नोव्हेंबरमध्ये कन्नड घाटात साळिंदर. हा घाट गौताळा अभयारण्यातूनच जातो. त्याचे काटे रस्त्यावर विखुरले होते आणि ट्रक त्यांच्यावरून जात होते. तिघेही निशाचर, तिघेही मला जिवंत एकदाही दिसले नाहीत. शेवटच्या पानावर साप वेगळे, घोरपडी वेगळ्या, आणि एका पावसाळी रात्रीचे बेडूक तर मी मोजलेच नाहीत.

वर्षाचा हिशोब असा. पक्षी १३१, फुलपाखरं ३९, साप-सरडे-बेडूक १९, सस्तन १७. एकूण २०६. दोनशेचं टार्गेट पार! पण वीस सस्तनांची अट राहिली. सतरा जिवंत आणि तीन मेलेले. बेरीज केली तर बरोबर वीस होतात. मित्र म्हणाला, पाहिलेस ना तू, मग मोज. मी नाही मोजले. ते प्राणी या जिल्ह्यात आहेत, याचा माझ्याकडचा एकमेव पुरावा म्हणजे ते आता नाहीत. असला स्कोअर काय मिरवायचा?

आमच्या ग्रुपने त्यानंतर एक गोष्ट ठरवली. रात्री जंगलाच्या आणि माळाच्या रस्त्यावर साठच्या वर काटा न्यायचा नाही. जळगाव-धुळे अंतर तसं नव्वदेक किलोमीटर. फार तर अर्धा तास उशिरा पोचतो. त्या अर्ध्या तासात आम्ही आजवर दोनदा ब्रेक मारलाय. एकदा सशासाठी आणि एकदा घुबडासाठी. दोघेही उठून गेले.

करून बघायचंय?

मग ताडोबाचं बुकिंग मिळत नाही म्हणून रडू नका. स्वतःचा तालुका घ्या. आकडा छोटा ठेवा, पन्नाससुद्धा पुरे. वही वापरा, आणि आयनॅचरलिस्टवर फोटो टाकलेत तर ओळख पटवायला माणसं मदत करतात. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. घरट्याजवळ, बिळाजवळ जाऊ नका, आणि रानपिंगळ्यासारख्या दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा सोशल मीडियावर जाहीर करू नका. शेतकऱ्याला आधी नमस्कार करा, मग विचारा. आणि वहीला शेवटचं पान ठेवा. रस्त्यावर काय मेलेलं दिसलं, कुठे, किती वाजता, ते लिहा आणि वनखात्याला कळवा. कुठे गतिरोधक हवा, कुठे पुलाखालची वाट मोकळी हवी, हे अशाच नोंदींवरून सांगता येतं.

मी यंदाही वही काढलीय. यंदा टार्गेट फक्त तीन. रानमांजर, उदमांजर, साळिंदर. पहिल्या पानावर!